श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड : देवाचे दार सर्वांसाठी

॥ श्री ॥



दरवर्षी ११ मार्च या दिवशी श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची जयंती येते. वडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना महाराजांचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. आपण ज्या बागेत सकाळी फिरावयास जातो ती त्यांच्या नावाची, आपली मुले ज्या विद्यापीठात शिकतात ते त्यांच्या नावाचे. कीर्तन, संगीत, ग्रंथप्रकाशन आणि वाचनालये यांना त्यांनी दिलेल्या आश्रयामुळेच महाराष्ट्राबाहेरच्या या नगरीत मराठी भाषा टिकून राहिली. हे सर्व आपण नेहमी ऐकतो व अभिमानाने सांगतो.

परंतु महाराजांच्या चरित्राचा एक भाग असा आहे की, तो देवालयात बसून वाचला जाणे अधिक उचित ठरेल. ज्यांना त्या काळी अंत्यज म्हणत, ज्यांना शाळा, विहीर, धर्मशाळा आणि देवाचे दर्शन या सर्वांपासून दूर ठेवले जात होते, त्या आपल्याच बांधवांसाठी महाराजांनी केलेले कार्य हा तो भाग होय. या कार्यात मोठे यश आहे. तसेच या नगरीला खाली मान घालावयास लावील असे एक अपयशही आहे. दोन्ही गोष्टी भाविकांसमोर प्रामाणिकपणे ठेवाव्यात, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

कवळाण्याचे गोपाळराव

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव. त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या लहानशा गावी झाला. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील असले तरी घर शेतकऱ्याचेच होते. गुरे राखणे, शेतात जाणे, नदीवर पोहणे यांतच गोपाळरावांचे बालपण गेले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांना नीट अक्षरओळखही झालेली नव्हती.

१८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी घराण्यातील मुले बोलावून घेतली. कशासाठी आलास, असे विचारल्यावर गोपाळरावांनी राज्य करण्यासाठी आलो, असे न डगमगता सांगितले, ही आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि कवळाण्याचा गोपाळ वडोद्याचा सयाजीराव झाला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची घडी बसविली व इलियट साहेबांनी बालमहाराजांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची संपूर्ण सूत्रे महाराजांच्या हाती आली.

शिक्षणावाचून मनुष्याचे काय होते आणि शिक्षण मिळाल्याने काय होऊ शकते, या दोन्ही गोष्टी महाराजांनी स्वतःच्या देहावर अनुभवल्या होत्या. त्यांच्या पुढील सर्व सुधारणांचे मूळ या अनुभवात शोधता येते.

अंत्यजांची अवस्था

त्या काळच्या अंत्यजांची अवस्था आजच्या तरुण वाचकांस कल्पनेनेही समजणे कठीण आहे. विणकर, चर्मकार आणि मैला वाहून नेणारे सफाई कामगार अशा जातींची वस्ती गावाबाहेर असे. सार्वजनिक विहिरीवर त्यांना घागर बुडविता येत नसे. कोणी दयाळू मनुष्य वरून पाणी ओतील, तोपर्यंत त्यांच्या बायकांना उन्हात उभे राहावे लागे. मेलेली जनावरे ओढणे, गावाची झाडलोट करणे, सरकारी ओझी वाहणे ही कामे त्यांच्यावर सक्तीची होती. त्यांचा मोबदला म्हणून पुष्कळदा शिळे अन्नच पदरात पडे. नवे वस्त्र घातले, धातूचे भांडे वापरले किंवा वरात वाजतगाजत नेली, एवढ्या कारणावरूनही मारहाण होई. तक्रार केली तर सारे गाव मिळून त्यांचे काम, धान्य आणि वाट बंद करी.

देवालयाच्या पायरीलाही त्यांना स्पर्श करता येत नसे. ज्या पांडुरंगाची भक्ती संत चोखामेळा यांनी जन्मभर केली, त्याच्या मंदिरात चोखोबांना प्रवेश नव्हता व त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर आहे. वारकरी परंपरेत वाढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. चोखोबांना संत म्हणून वंदन करावयाचे आणि त्यांच्या वंशजांना दारातून हाकलावयाचे, ही विसंगती शतकानुशतके आपण निमूटपणे पाहत आलो.

शाळेचे दार

महाराजांनी सर्वप्रथम शाळेचे दार उघडण्याचे ठरविले. अधिकारसूत्रे हाती आल्यानंतर लवकरच, १८८० च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी अंत्यजांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढण्यास मंजुरी दिली. पुस्तके व पाट्या मोफत देण्याची व्यवस्था झाली. पुढे वसतिगृहे निघाली व तेथे राहण्याजेवण्याचा खर्चही संस्थानने उचलला. सोनगडच्या जंगली मुलखात आदिवासी मुलांसाठीही अशाच शाळा व वसतिगृहे सुरू झाली.

शाळा निघाल्या, परंतु शिकविणार कोण? सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांत जावयास तयार होईनात. विटाळ होईल, जात बहिष्कार घालील, अशी त्यांना भीती वाटे. अखेर प्रारंभीच्या काळात मुसलमान शिक्षकांची नेमणूक करावी लागली. हिंदू राजाच्या राज्यात हिंदूंच्याच मुलांना शिकविण्यास हिंदू शिक्षक मिळू नये, ही गोष्ट महाराजांच्या मनाला लागून राहिली. १९०८ मध्ये त्यांनी पंजाबातून आर्यसमाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना पाचारण करून अंत्यजांच्या शिक्षणाची जबाबदारी सोपविली. पंडितजींनी वस्त्यावस्त्यांतून फिरून, मुलांत मिसळून या शाळांना व वसतिगृहांना खरे चैतन्य दिले. ज्यांना वेदाचा शब्द कानी पडू द्यावयाचा नाही असे ठरलेले होते, ती मुले तेथे संध्या व मंत्र म्हणू लागली.

दरम्यान १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने संपूर्ण संस्थानास लागू झाला. या कायद्यात जातीचा अपवाद नव्हता. पुढे १९११ साली नामदार गोखले यांनी कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी वडोद्याचाच दाखला दिला. ते विधेयक संमत झाले नाही. इंग्रजी मुलखात जे होऊ शकले नाही, ते वडोद्यात आधीच घडून आले होते.

अंत्यजांच्या स्वतंत्र शाळा ही मुळात एक तडजोड होती. वेगळी शाळा म्हणजे वेगळेपणाला दिलेली मान्यताच होती. परंतु सवर्ण पालक आपल्या मुलांशेजारी अंत्यजांची मुले बसू देण्यास तयार नसताना, शाळाच नसण्यापेक्षा वेगळी शाळा बरी, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. १९३० च्या दशकात ही वेगळी व्यवस्था मोडून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचे धोरण संस्थानने स्वीकारले. त्याला अनेक गावांतून कडवा विरोध झाला. पण धोरण मागे घेतले गेले नाही.

राजवाड्यालाही झळ

जातिभेदाची झळ राजवाड्यालाही बसली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. राजघराण्यातील धर्मकृत्ये वेदोक्त मंत्रांनी व्हावीत की पुराणोक्त, हा वाद वडोद्यात उभा राहिला. १८९६ च्या सुमारास महाराजांनी वेदोक्त विधींचा आग्रह धरला, तेव्हा कर्मठ मंडळींनी त्यास मोठा विरोध केला. राजालाही शूद्र ठरविणारी ही दृष्टी दरिद्री विणकराला काय लेखीत असेल, हे समजण्यास महाराजांना वेळ लागला नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी महाराजांना आदर होता व त्यांनी फुल्यांना साह्यही केले होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डला गेले, तेव्हाही महाराजांचे साह्य झाले. हेच शिंदे पुढे अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात अग्रभागी राहिले. १९०९ मध्ये महाराजांनी स्वतः या प्रश्नावर इंग्रजीत लेख लिहून आपली भूमिका देशापुढे मांडली.

एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक बुद्धिमान विद्यार्थी पैशाच्या अडचणीत होता. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्यास महाराजांकडे नेले. महाराजांनी स्वतः काही प्रश्न विचारून त्याची परीक्षा घेतली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. भीमराव पदवीधर झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते वडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परंतु वडिलांच्या आजारामुळे त्यांना लगेच मुंबईस परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार यांचे निधन झाले.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले व त्यांत भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्क येथे पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करू लागले. तेथून ते लंडनला गेले. मुदत संपल्याने तेथील अभ्यास अर्धवट सोडून ऑगस्ट १९१७ मध्ये ते भारतात परतले. करार पाळावयाचा म्हणून त्यांनी वडोद्याची वाट धरली.

सप्टेंबर १९१७

पुढील हकीकत स्वतः डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. वडोद्याच्या नागरिकाने ती एकदा तरी वाचावी.

परदेशात सुमारे चार वर्षे राहिल्यानंतर आपण अस्पृश्य आहोत, ही जाणीव त्यांच्या मनातून जवळजवळ पुसली गेली होती. वडोद्याच्या स्थानकावर उतरताच, आता राहावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. हिंदूंच्या खानावळीत प्रवेश मिळणार नव्हता. नाव बदलून जाणे शक्य होते. पण उघडकीस आल्यास काय होईल, याची त्यांना कल्पना होती. अखेर ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. व्यवस्थापकाने रोज दीड रुपया घेऊन, नोंदवहीत पारशी नाव लिहावे या अटीवर त्यांना वरच्या मजल्यावर ठेवून घेतले. तेथे अडगळीचे सामान भरलेले होते, विजेचा दिवा नव्हता व सोबतीला मनुष्य नव्हता. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवारी करावी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात एकट्याने पुस्तक वाचीत बसावे, असे दिवस चालले होते. कार्यालयातही कनिष्ठ नोकर त्यांच्यापासून अंतर राखून कागद टाकीत व पिण्याच्या पाण्याची सोय होत नसे, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्याचा निर्णय लांबत गेला. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी गृहस्थ जिना चढून वर आले. तू कोण आहेस, धर्मशाळा बाटविण्याचे धाडस कसे केलेस, अशी त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. आठ दिवसांची मुदत मागितली, ती त्यांनी दिली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून ते निघून गेले.

भीमराव दोन स्नेह्यांकडे गेले. एक हिंदू होते. त्यांना वाईट वाटले. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर नोकर काम सोडून जातील, असे त्यांनी सुचविले. दुसरे मूळचे ब्राह्मण व नंतर ख्रिस्ती झालेले होते. त्यांनी पत्नीशी विचारविनिमय करावा लागेल, असे सांगितले. अर्थ स्पष्ट होता. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. धर्मशाळा सोडल्यावर मधला वेळ घालवावयास दुसरी जागा नव्हती. कोलंबियात शिकलेला हा सव्वीस वर्षांचा विद्वान कामाठीबागेत, म्हणजेच आजच्या सयाजीबागेत, सुमारे पाच तास बसून राहिला. रात्रीच्या गाडीने तो मुंबईस परतला.

एवढ्यावरही प्रयत्न थांबले नाहीत. केळूसकर गुरुजींनी वडोद्यातील एका प्राध्यापकांच्या घरी त्यांची पाहुणा म्हणून सशुल्क सोय करण्याचे ठरविले. त्या भरवशावर भीमराव पुन्हा वडोद्यास आले. परंतु घरातील मंडळींची संमती नसल्याची चिठ्ठी त्यांना स्थानकावरच मिळाली व तेथूनच त्यांना परत फिरावे लागले. निवासाची अडचण महाराजांच्या कानी घातली गेली होती. महाराजांनी ते काम दिवाणांकडे सोपविले आणि दिवाणांनी असमर्थता दर्शविली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. महाराजांची इच्छा चांगली होती, याविषयी शंका नाही. शिष्यवृत्ती त्यांनीच दिली होती, नोकरीही त्यांनीच दिली होती. राज्याचे कायदे, खजिना आणि अधिकारी त्यांच्या आज्ञेत होते. तरीही त्यांच्या राजधानीत त्यांच्याच अधिकाऱ्याला एक खोली मिळाली नाही. धर्मशाळा पारशांची होती, एक मित्र हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती होता आणि दिवाण संस्थानचे होते. प्रत्येकाजवळ आपापले कारण होते. कोणी नोकरांकडे बोट दाखविले, कोणी पत्नीकडे, तर कोणी अडचणीकडे. काठी फक्त काही जणांच्या हातात होती. दार मात्र सर्वांनीच लावून घेतले. एका बुद्धिमान तरुणावर झालेला हा अन्याय नोंदला गेला, कारण तो पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला. ज्यांना लिहिता येत नव्हते, अशा किती जणांना या नगरीने अशाच प्रकारे परत पाठविले असेल, याची नोंद कोठेही नाही.

सयाजीबागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. तेथील वडाच्या झाडाखाली बसून बाबासाहेबांनी आपल्या समाजाच्या उद्धाराचा संकल्प केला, अशी लोकश्रद्धा आहे व दरवर्षी सप्टेंबर महिन्यात तेथे मोठ्या संख्येने लोक जमतात.

१९१८ ची परिषद

पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबई येथे अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारक परिषद भरली. तिच्यामागे महर्षी शिंदे यांचे परिश्रम होते आणि अध्यक्षस्थानी महाराजा सयाजीराव होते. अस्पृश्यता ही ईश्वराने निर्माण केलेली नसून मनुष्याने केलेली आहे, अशा आशयाची स्पष्ट भूमिका महाराजांनी तेथे मांडली. लोकमान्य टिळकांनीही त्या व्यासपीठावरून, देव अस्पृश्यता मानीत असेल तर आपण त्याला देवच मानणार नाही, अशा अर्थाचे तेजस्वी भाषण केले. परंतु स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रकावर स्वाक्षरी करण्याची वेळ आली, तेव्हा लोकमान्यांची स्वाक्षरी त्यावर झाली नाही.

ही गोष्ट कोणाही थोर पुरुषास कमीपणा आणण्यासाठी सांगितलेली नाही. सभेत बोलणे आणि घरी आचरणे यांत केवढे अंतर असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

निबंध आणि देवालये

वडोदा संस्थानात कायद्यास निबंध म्हणत. महाराजांच्या कारकिर्दीत विधवाविवाह, बालविवाहप्रतिबंध, घटस्फोट अशा अनेक विषयांवर निबंध झाले. १९१५ च्या पुरोहितविषयक निबंधाने पौरोहित्य करणाऱ्यास परीक्षा व योग्यता यांची अट घातली. १९३३ मध्ये ज्ञातित्रास निवारणाचा निबंध झाला. जातपंचायतींनी कोणास वाळीत टाकून छळू नये, हा त्याचा उद्देश होता. जातीचा जुलूम हा केवळ घरगुती किंवा धार्मिक प्रश्न नसून त्यात राज्याने हस्तक्षेप करणे आवश्यक आहे, असे मानणारी ही दृष्टी त्या काळाच्या कितीतरी पुढे होती.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९३२ सालची आहे. सप्टेंबर महिन्यात पुणे करार झाला आणि देशभर मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी महाराजांनी संस्थानच्या व्यवस्थेखालील देवालये अंत्यजांसाठी खुली केली. त्रावणकोरची प्रसिद्ध मंदिरप्रवेश घोषणा १९३६ मधली, म्हणजे चार वर्षांनंतरची. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. हे ध्यानात घेतले म्हणजे वडोद्याच्या निर्णयाचे मोल कळते.

अर्थात, सरकारी आज्ञेने दार उघडले म्हणून गाभाऱ्यापर्यंतची वाट लगेच मोकळी झाली, असे नव्हे. खेड्यापाड्यांत जुना दरारा कायम होता. ज्याचे पोट गावाच्या शेतावर अवलंबून आहे, तो गावाचा रोष पत्करून देवळात कसा जाणार? हक्क कागदावर मिळाला, तरी तो वापरणाऱ्यास मार पडणार नाही, त्याची भाकरी बंद होणार नाही, अशी हमी लागते. ती हमी केवळ राजा देऊ शकत नाही. शेजाऱ्यांनी ती द्यावी लागते.

अखेर आणि वारसा

१९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान महाराजांनी भूषविले. १९३६ च्या हीरकमहोत्सवप्रसंगी त्यांनी ग्रामीण व दुर्बल प्रजेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी बाजूला काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. कवळाण्याहून आलेल्या बालकाने ६३ वर्षांहून अधिक काळ वडोद्याची गादी भूषविली.

डॉ. आंबेडकरांनी वडोद्याचा अपमान विसरला नाही, तसेच महाराजांचे उपकारही विसरले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी शिक्षणास केलेल्या साह्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांस अर्पण केला. ज्या तरुणास या नगरीत खोली मिळाली नाही, तोच पुढे भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या त्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले. १९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय अपराध ठरविणारा कायदा झाला, १९८९ मध्ये अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी अधिक कडक कायदा झाला आणि २०१३ मध्ये हाताने मैला साफ करून घेण्यावर पूर्ण बंदी घालणारा कायदा झाला. एकामागून एक कायदे करावे लागले, याचाच अर्थ असा की, अन्याय अजून संपलेला नाही. विहिरीवरून, वरातीवरून, मिशा ठेवण्यावरून किंवा घोड्यावर बसण्यावरून दलित तरुणांना मारहाण झाल्याची वृत्ते आजही वाचावयास मिळतात.

आपल्यासाठी

आपल्या मंदिराच्या दारावर आज कोणासही अडविले जात नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु १९१७ साली बंद राहिलेली दारे देवळाची नव्हती, घरांची होती. म्हणून महाराजांच्या जयंतीस हार घालताना काही प्रश्न आपण स्वतःस विचारले पाहिजेत. उत्सवाच्या महाप्रसादाच्या पंगतीत सर्वजण एका रांगेत बसतात काय? स्वयंपाकघरात सेवा करण्याची संधी सर्वांस मिळते काय, की काही आडनावे केवळ झाडलोटीच्या यादीतच आढळतात? आपल्या विश्वस्त मंडळात, कार्यकारिणीत, कीर्तनसेवेत दलित बांधव व भगिनी किती आहेत? मंदिराच्या आवारातील गटार तुंबले, तर त्यात मनुष्यास उतरविले जाते काय? आणि आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवताना आपण प्रथम त्याचे आडनाव विचारतो काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. वडोद्याने भीमरावांस ज्या गोष्टीसाठी परत पाठविले, तीच ती गोष्ट आहे. महाराजांनी शाळेचे, कचेरीचे आणि देवालयाचे दार उघडले. एवढेच राजास करता येण्यासारखे होते. घराचे दार ज्याचे त्याने उघडावयाचे असते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन करून, आणि सयाजीबागेत त्या सायंकाळी एकट्या बसलेल्या तरुणाचे कृतज्ञ स्मरण करून हा लेख श्रीचरणी अर्पण करीत आहोत. येत्या जयंतीस भाविकांनी सहकुटुंब मंदिरात यावे आणि तेथून संकल्पभूमीवरही जाऊन यावे, अशी नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥